जिग हेडसाठी घरच्या घरी साचा: प्लास्टर, सिलिकॉन की ॲल्युमिनियम?

खाडीकाठ

खाडीच्या मुखाशी, कालवांच्या खडकांत आणि कांदळवनाच्या मुळांशी जिताडा व तांबोशी हे मासे गरवणाऱ्यांची किती जिग हेड (गळाच्या मानेवर ओतलेली शिशाची डोकी) पाण्यात जातात, हे इथल्या सभासदांना वेगळे सांगायला नको. ओहोटीच्या जोरात ७ ग्रॅमचे हेड तळाला टिकत नाही. १४ ग्रॅमचे बाजारात मिळते, पण त्याचा गळ बारीक तारेचा असतो आणि मोठ्या जिताड्याने मान झटकली की तो सरळ होतो. मला हवे आहे ते असे: १० आणि १४ ग्रॅम वजन, तळ किंचित सपाट, जाड तारेचा ३/० आकाराचा गळ, आणि दोरी बांधायचा डोळा ६० अंशांत पुढे कललेला, म्हणजे ओढताना डोके खडकावरून वर चढते आणि फटीत रुतत नाही. परदेशी बनावटीचे ॲल्युमिनियमचे तयार साचे मिळतात, पण ते ठरावीक गळांसाठीच खोदलेले असतात.

म्हणून साचा घरीच करायचे ठरवले आहे. माझा कल प्लास्टर ऑफ पॅरिसकडे आहे, कारण ते कुठेही मिळते आणि आकार बदलावासा वाटला तर नवा साचा करणे जड जात नाही. मात्र ते वितळलेल्या शिशाचा ताप किती वेळा सोसते, किती सुकवावे लागते, आणि सोसत नसेल तर दुसरे काय वापरावे, हे ज्यांनी स्वतः शिसे ओतले आहे त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे. घरात लहान मूल आहे, त्यामुळे शिशाच्या धोक्याविषयीही मोकळेपणाने लिहावे.

ओतीव

प्लास्टर चालते, पण ते आतपर्यंत सुकलेले असले पाहिजे. हाताला कोरडे लागणे म्हणजे सुकणे नव्हे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि या कामात मला सर्वांत जास्त भीती आगीची नाही, ओलाव्याची वाटते. पाण्याची वाफ झाली की तिला मूळ पाण्याच्या सोळाशेपटींहून अधिक जागा लागते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि ओतताना ते साधारण ३८० ते ४०० अंशांवर असते. ओलसर साच्यात ते पडले की प्लास्टरमधल्या पाण्याची क्षणात वाफ होते, आणि ज्या तोंडातून शिसे आत गेले त्याच तोंडातून ते ओतणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उडते.

सुकणे वजनावरून ठरवावे. १ किलो प्लास्टरला ७०० ग्रॅम पाणी हे साच्यासाठी रुळलेले प्रमाण आहे. त्यातले सुमारे १८६ ग्रॅम पाणी प्लास्टर घट्ट होताना रासायनिक रीतीने बांधले जाते. उरलेले ५१४ ग्रॅम नुसते छिद्रांत अडकलेले असते आणि तेच बाहेर काढायचे असते. म्हणजे घट्ट झालेल्या ताज्या साच्याचे वजन लिहून ठेवावे आणि ते सुमारे ३० टक्क्यांनी उतरेपर्यंत त्यात शिसे ओतण्याचा विचारही करू नये. आधी काही दिवस ऊन व वारा द्यावा, मग १२० अंशांच्या आसपास भट्टीत ठेवावे, आणि तासाभराच्या अंतराने केलेली दोन वजने सारखी आली की साचा तयार झाला असे समजावे. ही भट्टी अन्न शिजवण्याची नसावी, त्या साच्यात शिसे ओतल्यानंतर तर मुळीच नसावी.

गरी

पावसाळ्यात हे कसे जमायचे? गरवायला जाता येत नाही म्हणून सामान करून ठेवण्याचे दिवस नेमके तेच असतात.

ओतीव

@गरी, जुलैत कोकणातल्या हवेत प्लास्टर सुकत नाही, आणि सुकवून आणलेले प्लास्टर कपाटात ठेवले तरी पुन्हा ओलावा ओढून घेते. साचा मे महिन्यात करावा. पावसाळ्यात ओतायचेच असेल तर प्रत्येक वेळी साचा तापवून, वजन करून, गरम असतानाच वापरावा. काम उघड्या अंगणात करायचे असते, हेही लक्षात घ्या. वितळलेल्या शिशाच्या भांड्यात पागोळीचा एक थेंब पडला तरी अपघात होतो.

मूर्तिशाळा

आमच्याकडे पेणला पिढ्यान् पिढ्या साच्यांचे काम चालते, म्हणून ओतीव यांच्या एका मुद्द्यावर माझा आक्षेप नोंदवते. मातीकामासाठी वापरायचा प्लास्टरचा साचा आम्ही ५० अंशांपेक्षा जास्त तापू देत नाही. त्याहून जास्त ताप बराच वेळ दिला तर बांधलेले पाणीही निघू लागते, साचा खडूसारखा भुसभुशीत होतो आणि त्याच्या कडा झडतात. जिग हेडच्या साच्यात कडाच महत्त्वाच्या असतात. दोन भाग नीट मिटले नाहीत तर सांध्यातून शिसे पसरते आणि प्रत्येक नगाला पापुद्रा येतो.

साचा घेण्याची पद्धतही लिहिते. आधी हव्या त्या आकाराचा नमुना गळासकट तयार करावा. शाडूच्या सपाट थरात तो बरोबर निम्मा बुडवावा, आणि गळाची तारसुद्धा तिच्या जाडीच्या निम्मी बुडाली पाहिजे. गळाचे पाते सांध्याच्या पातळीत आडवे असावे. शाडूची कड लाकडी कोरणीने नमुन्याच्या अंगाला काटकोनात भिडवून घ्यावी, कारण तिथे जी गोलाई राहील तीच पुढे पापुद्रा होऊन दिसेल. चार कोपऱ्यांत बोटाच्या टोकाएवढे खळगे करावेत, म्हणजे दुसरा भाग ओतल्यावर त्यांच्या खुंट्या होतात आणि दोन्ही भाग नेहमी एकाच जागी बसतात. भोवती चौकट लावून प्लास्टर ओतावे. ते घट्ट झाले की उलटून शाडू काढावी, नमुना तसाच राहू द्यावा, उघड्या प्लास्टरला साबणाच्या दाट पाण्याचे तीन-चार हात द्यावेत आणि मग दुसरा भाग ओतावा. साबणाचा हात कुठे सुटला तर दोन्ही भाग कायमचे एक होतात. प्लास्टर पाण्यात सोडावे, पाणी प्लास्टरवर ओतू नये, आणि ढवळताना हवा आत घेऊ नये. नमुन्याच्या अंगाला पहिला थर कुंचल्याने लावला तर बुडबुडे राहत नाहीत.

ओतीव

मूर्तिशाळा ताईंचा आक्षेप मातीकामाच्या साच्यासाठी रास्त आहे. इथे मात्र ३८० अंशांचे शिसे साच्याच्या अंगाला लागणार आहे, त्यामुळे पृष्ठभागाजवळचे बांधलेले पाणी आज ना उद्या निघणारच. ते माझ्या भट्टीत, माझा चेहरा लांब असताना निघालेले बरे. कडा झडतात हे मान्य आहे, आणि म्हणूनच प्लास्टरचा साचा मी टिकाऊ समजत नाही. आकार पारखण्यासाठी तो उत्तम आहे. थोडीशी डोकी ओतून, पाण्यात चालवून बघावीत आणि आकार पसंत पडला की पक्क्या साच्याकडे वळावे. दागिने ओतणारे सोनार ज्या प्लास्टरमध्ये सिलिका मिसळलेली असते ते वापरतात. ते ताप जास्त सोसते, पण त्याची पूड श्वासात जाऊ देऊ नये.

पागवाला

आमच्या घरात पागाच्या, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याच्या, घेराला लावायच्या शिशाच्या गोळ्या आजोबांच्या काळापासून घरीच ओतल्या जात. त्यासाठी सागाच्या दोन फळ्या असत, त्यांत कोरलेले खळगे असत आणि मधून दोरीचे भोक राहावे म्हणून तेल लावलेली लोखंडी सळई घातलेली असे. पहिल्या ओतण्यांत लाकूड जळते, धूर येतो आणि गोळ्या खडबडीत होतात. नंतर खळग्याला कोळशाचा पातळ थर धरतो आणि गोळ्या बऱ्या येऊ लागतात. पागाला असे वजन चालते, कारण तिथे गोळी जड असली की पुरे.

जिग हेडला लाकूड वापरू नये, असे माझे मत आहे. लाकूड प्रत्येक वेळी थोडे जळत जाते, त्यामुळे पोकळी वाढत राहते आणि वजन बदलते. गळाची खाच रुंद झाली की गळ तिरपा बसतो, आणि गळ तिरपा बसला की आमिष पाण्यात गरगर फिरते. त्यापेक्षा शंखजिऱ्याचा दगड मिळाला तर जरूर घ्यावा. तो साध्या छिन्नीने आणि फाईलने कोरता येतो, तडकत नाही आणि ताप सहज सोसतो. प्राचीन काळापासून माणसाने धातू ओतायला हा दगड वापरला आहे. कोरण्यापूर्वी दोन्ही तुकडे एकमेकांवर घासून त्यांमध्ये उजेड दिसणार नाही इतके सपाट करावेत. दगडही ओलावा धरतो, तेव्हा ओतीव काकांचा नियम त्यालाही लागू आहे.

तांबोशी_तळ

मी सिलिकॉन वापरतो. साधे मेणबत्त्यांसाठी विकतात ते सिलिकॉन चालत नाही. धातू ओतण्यासाठी उष्णतारोधक म्हणून वेगळे मिळते, ते घ्यावे लागते. त्याचा मोठा फायदा म्हणजे ते लवचीक असते, त्यामुळे आमिष धरून ठेवणारा मानेवरचा काटा कितीही बाकदार केला तरी नग अलगद सुटतो. कडक साच्यात असा काटा अडकतो आणि साच्याची कड तोडून बाहेर येतो. धातू नीट वाहावा म्हणून साच्याला आतून काजळी धरायची गरज नसते आणि चेहऱ्यावरचा डोळा, खवल्यांची रेषासुद्धा स्पष्ट उमटते.

उणीवही सांगितली पाहिजे. सिलिकॉन उष्णता धरून ठेवते, त्यामुळे लागोपाठ ओतत गेल्यास साचा तापतो, शिसे गोठायला वेळ लागतो आणि घाईने उघडले तर मान मोडते. दोन्ही बाजूंना जाड फळ्या लावून हलकेच दाबावे लागते. जास्त आवळले तर पोकळी चेपते आणि वजन कमी भरते.

लेथवाला_भोसरी

वजनाचा विषय निघाला आहे, तर नमुना करण्याआधी हिशेब करून घ्यावा. शिशाची घनता ११.३४ आहे, म्हणजे १० ग्रॅमच्या डोक्याला ०.८८ घनसेंटिमीटर जागा लागते. गोल धरला तर व्यास १२ मिलिमीटरच्या जवळ येतो. डोक्याच्या आत बुडणाऱ्या गळाच्या तारेने थोडी जागा व्यापलेली असते, तीही धरावी. मातीचा किंवा मेणाचा नमुना मापाच्या खुणा असलेल्या नळीत पाण्यात बुडवून पाहिला तर किती पाणी वर चढते त्यावरून वजन आधीच कळते. इतके केले की साचा पूर्ण झाल्यावर डोके १३ ग्रॅमचे निघाले अशी वेळ येत नाही.

माझे मत ॲल्युमिनियमला आहे. ते ६६० अंशांपर्यंत वितळत नाही, शिसे त्याला चिकटत नाही आणि उष्णता चटकन वाहून नेते, म्हणून काम भराभर होते. दोन पट्ट्या एकत्र पकडून आधी खुंट्यांची भोके पाडावीत आणि मगच गोल टोकाच्या कटरने पोकळी कोरावी. हवेची वाट मात्र विसरू नये. पोकळीच्या ज्या टोकाला शिसे शेवटी पोचते, तिथून बाहेरच्या कडेपर्यंत सुईने ओढलेली उथळ रेघ पुरते. हवा तिच्यातून निघून जाते आणि पृष्ठताणामुळे शिसे तिच्यात शिरत नाही.

गरी

गाडीच्या पत्र्याला लावतात ती लांबी (पुट्टी) वापरून साचा करता येतो असे ऐकले आहे. कोणी केला आहे का?

तांबोशी_तळ

@गरी, होतो. अमेरिकेतले अनेक गरवणारे तसे साचे करतात. ती लांबी पॉलिएस्टर रेझिनची असते, तिच्यात पाणी नसते म्हणून वाफेचा धोका प्लास्टरपेक्षा बराच कमी असतो, आणि ती अर्ध्या तासात कडक होते. परंतु शिशाच्या तापाने रेझिन हळूहळू जळते आणि त्याचा धूर घशाला व डोळ्यांना झोंबतो. थोड्या नगांपुरते ठीक आहे, तेही मोकळ्या वाऱ्यात.

डॉ_बालरोग

धागाकर्त्यांनी घरात लहान मूल असल्याचे लिहिले आहे, म्हणून मी सविस्तर लिहितो आणि ते सर्वांनी मनावर घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुलांच्या रक्तात शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट भूमिका आहे. पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या शरीरात कितीतरी अधिक प्रमाणात शोषले जाते, मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, आणि तो परिणाम औषधाने मागे घेता येत नाही.

पुष्कळ लोक केवळ वाफांना घाबरतात. ४०० अंशांपर्यंत शिशाची वाफ फार होत नाही, मात्र शिसे अकारण तापवत नेले तर ती वाढते. घरगुती ओतकामात खरा धोका धुळीचा आहे. वितळलेल्या शिशावर जी राखाडी-पिवळी मळी जमते, ती शिशाच्या ऑक्साइडची बारीक पूड असते. ती काढताना कपड्यांवर उडते, कपडे घरात येतात, मूल कडेवर बसते आणि हात तोंडात घालते. म्हणून काम घराबाहेर करावे. कढई, पळी, शेगडी आणि कपडे या कामासाठी वेगळे ठेवावेत आणि ते कपडे वेगळे धुवावेत. घरात शिरण्यापूर्वी हात, नखे आणि चेहरा साबणाने स्वच्छ करावा. मळी झाकणाच्या डब्यात साठवावी, परसात टाकू नये. फाईलने पापुद्रे घासताना पडणारा चुराही तितकाच घातक आहे, म्हणून तो ओल्या कापडाने टिपावा, झाडूने उडवू नये. तयार डोक्यावर रंगाचा थर द्यावा आणि दोरीला लावण्यासाठी शिसे दाताने दाबण्याची सवय पूर्णपणे सोडावी. घरात गरोदर स्त्री असेल तर हे काम त्या काळात करूच नये.

पागवाला

डॉक्टरांनी दाताचा उल्लेख केला ते बरे झाले. आमच्याकडे सगळेच तसे करत.

ओतीव

डॉक्टरांच्या लिखाणाला माझी एक पुस्ती. भंगारातली गाडीची बॅटरी फोडून शिसे काढणे पूर्णपणे टाळावे. तिच्यात आम्ल असते, पाट्यांच्या शिशात अँटिमनी आणि काही वेळा आर्सेनिक असते, आणि त्यांतून विषारी वायू निघू शकतात. चाकांच्या जुन्या वजनांत काही जस्ताची असतात. जस्त ४१९ अंशांना वितळते, म्हणून कढई कमी तापवली तर ती वजने शिशावर तरंगत राहतात आणि तशीच उचलून काढता येतात. ती चुकून विरघळली तर शिसे घट्ट पेजेसारखे होते आणि लहान पोकळी भरत नाही. नखाने ओरखडा उठतो ते मऊ शिसे जिग हेडला सर्वांत चांगले.

न्यू_हॅम्पशायरकर

मी मूळचा गुहागरचा, सध्या अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये राहतो. इथे गोड्या पाण्यात १ औंस किंवा त्याहून कमी, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमपर्यंतचे शिशाचे जिग वापरणे व विकणे २०१६पासून बंद आहे. त्याचे कारण लून नावाचा पाणपक्षी आहे. तो तळाचे खडे गिळतो, त्यांबरोबर तुटून पडलेले जिग हेडही गिळतो, आणि एवढ्याशा शिशाने मरतो. इंग्लंडमध्ये हंसांसाठी १९८७पासून असाच निर्बंध आहे, आणि डेन्मार्कने तर गरवण्याच्या सामानातले शिसे २००२मध्येच थांबवले. आपल्या खाड्यांत असा कायदा नाही, परंतु धागाकर्ते स्वतःच म्हणतात की त्यांची डोकी कालवांच्या खडकांत जातात. ती कालवे आणि ते मासे आपणच खातो.

आम्ही इथे कथील वापरतो. ते २३२ अंशांना वितळते, म्हणून प्लास्टर आणि सिलिकॉन दोन्हींचे आयुष्य वाढते. त्याची घनता ७.३ असल्यामुळे १० ग्रॅमच्या साच्यातून सुमारे साडेसहा ग्रॅमचे डोके निघते, म्हणून साचा मोठा करावा लागतो. बिस्मथची घनता ९.७८ आहे, पण ते ठिसूळ असते. ५८ टक्के बिस्मथ आणि ४२ टक्के कथील यांचे मिश्रण अवघ्या १३८ अंशांना वितळते. ओतायला ते फार सोपे, मात्र त्यावर पावडर रंग लावून भट्टीत भाजता येत नाही, कारण तो रंग पक्का व्हायला १७५ अंशांच्या आसपास ताप लागतो आणि तोवर डोकेच वितळून जाते.

तांबोशी_तळ

कथील शिशाच्या कितीतरी पट महाग पडते आणि आपल्याकडे एका ओहोटीत चार-पाच डोकी सहज जातात. शिवाय मोठ्या आकाराला पाण्याचा रेटा जास्त बसतो, ते तळ धरत नाही. खाडीच्या मुखाशी मला कथील परवडेल असे वाटत नाही.

न्यू_हॅम्पशायरकर

मुखाशी नसेल, पण आत कांदळवनातल्या संथ पाण्यात ७ ग्रॅम पुरतात, तिथे कथील घालून पाहावे. साचा तोच चालेल.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. धाग्यातून माझ्यासाठी जे निघाले ते असे: शिसे घराच्या आवारात ओतायचे नाही, मित्राच्या वाडीत उघड्यावर, वेगळ्या कपड्यांत ओतायचे. आधी प्लास्टरचा साचा करून १० ग्रॅमचा आकार पाण्यात पारखायचा, आणि तो पसंत पडला की लेथवाल्यांच्या पद्धतीने ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कोरून घ्यायच्या. आतल्या पाण्यासाठीची डोकी कथलाची करीन. एक शंका उरली आहे. सपाट तळाच्या डोक्यात ओतण्याचे तोंड कुठे ठेवावे? तळाला ठेवले तर कापलेली खूण खडकाला घासत राहील.

ओतीव

तोंड डोक्याच्या सर्वांत जाड भागाला, पाठीच्या बाजूला, डोळ्याच्या मागे ठेवा. जाड भाग शेवटी गोठतो आणि गोठताना आकसतो. तोंड तिथेच असले की वरचे शिसे खाली ओढले जाते आणि आत पोकळी राहत नाही. तोंड वर नरसाळ्यासारखे रुंद आणि डोक्याला भिडते तिथे ३ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, म्हणजे देठ पक्कडीने एका पिळ्यात तुटतो. पहिल्या नगांवर सुरकुत्या आल्या तर शिसे अधिक तापवू नका. तो साचा थंड असल्याचा परिणाम असतो, आणि साचा व गळ दोन्ही गरम झाले की अंग गुळगुळीत येते. शिशाच्या पृष्ठभागावर सोनेरी-जांभळी झाक दिसू लागली तर ते गरजेपेक्षा जास्त तापले आहे, आच कमी करा.

मूर्तिशाळा

@खाडीकाठ, डोळा ६० अंशांत कललेला आहे, तेव्हा शाडूत बुडवताना डोळ्याची कडी सांध्याच्या पातळीत येते की त्या पातळीला काटकोनात उभी राहते, हे आधी पाहा. काटकोनात उभी राहत असेल तर दोन्ही भागांत तिच्यासाठी खोलगट घर करावे लागेल, आणि त्या घराभोवती तारेला घट्ट बसणारी गळपट्टी सोडावी लागेल, नाहीतर शिसे कडीत शिरून भोक बुजेल. शक्य असल्यास नमुन्याचा फोटो बाजूने आणि समोरून असा दोन्ही अंगांनी टाका, म्हणजे सांधा कुठून घ्यायचा ते निश्चित सांगता येईल.